सात नंबरच्या पेशी

सासऱ्यांचं रक्त सुनेच्या कामी येतं, हे त्या प्रयोगशाळेत फक्त चौघांना ठाऊक होतं. सुनेला, सासऱ्यांना, रक्त काढणाऱ्या सिस्टरला आणि प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमना. बाकी सगळ्यांच्या लेखी ते ‘सात नंबर’ होते. वहीत नंबर, ट्यूबवर नंबर, फ्रीजच्या खणावर नंबर. रक्त देणाऱ्याचं नाव कुलपात असायचं आणि किल्ली मॅडमच्या ड्रॉवरमध्ये.

सून तिथे फ्लूच्या विषाणूंचं काम बघायची. थंडी सुरू झाली की दवाखान्यांमधून नमुने येऊ लागायचे आणि या साली कुठल्या जातीचा फ्लू फिरतोय, ते शोधून काढायचं असायचं. त्यासाठी माणसाच्या ताज्या तांबड्या पेशी लागत, त्याही ‘ओ’ गटाच्या. प्लास्टिकच्या प्लेटमध्ये करंगळीच्या नखाएवढे खळगे असतात, त्यांत विषाणू आणि पेशी एकत्र सोडायच्या. विषाणूला पेशीच्या अंगाला चिकटायची खोड. एकाच विषाणूने या बाजूला एक पेशी धरली आणि त्या बाजूला दुसरी, असं होता होता सगळ्या पेशी एकमेकींत गुंतून बसतात आणि खळग्याच्या तळाशी फिकट लाल जाळं पसरतं. विषाणू नसेल, तर पेशी आपल्या निमूटपणे घरंगळत खाली जातात आणि मधोमध एक गोल, गडद ठिपका होतो. प्रयोगशाळेतले लोक त्याला ‘बटण’ म्हणतात.

दोन वर्षांपूर्वी तिचा नेहमीचा रक्त देणारा, फाटकावरचा रखवालदार, निवृत्त होऊन मुलाकडे राहायला गेला. तेव्हा ती जेवताना सहज म्हणून गेली होती, “आता ओ गटाचा माणूस कुठून आणू?”

सासऱ्यांनी मान वर न करता विचारलं, “म्हाताऱ्याचं चालतं का?”

ते शिंपी होते. चाळीस वर्षं कोट, पॅन्ट, शाळेचे गणवेश शिवले. नजर कमी झाली तसं दुकान आवरलं आणि मुलाच्या घरी राहायला आले. मुलगा जहाजावर इंजिनिअर. वर्षातले आठ महिने समुद्रावर. त्यामुळे तीन खोल्यांच्या त्या घरात खरं राहायचं ते या दोघांनीच. आणि दोघंही दुसऱ्याला आपली अडचण होऊ नये म्हणून इतकं जपून वागत, की घरात कोणी राहतं की नाही, असा शेजाऱ्यांना प्रश्न पडावा. ती उठायच्या आत त्यांची अंघोळ झालेली असायची. ते झोपेतून जागे होऊ नयेत म्हणून ती चपला हातात घेऊन दाराबाहेर पडायची. महिनोन्‌महिने बोलणं व्हायचं ते दूध संपल्याचं नि बिल भरल्याचं.

दर सोमवारी ते रक्त द्यायला येऊ लागले आणि हे बदललं. सकाळी दोघं बरोबर निघत. वीस मिनिटांचा रस्ता. सिस्टर त्यांच्या दंडाला पट्टा बांधून दहा मिलिलिटर रक्त काढायची, मग ते बाकावर बसून चहा पीत आणि दाराच्या काचेतून आत बघत राहत. संध्याकाळी घरी त्यांचा ठरलेला प्रश्न. “काय म्हणाल्या आज माझ्या पेशी?”

एकदा मॅडमची परवानगी काढून तिने त्यांना आत नेलं आणि प्लेट दाखवली.

“हे बटण,” ती म्हणाली.

“बटणच म्हणतात याला?”

“हो.”

ते हसले. घरात राहायला आल्यापासून ती त्यांना पहिल्यांदाच असं खळखळून हसताना बघत होती. “जन्मभर मी लोकांना बटणं लावली. आता माझ्या रक्ताची निघतायत.” मग शेजारच्या खळग्यातलं जाळं त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ न्याहाळलं. “हे तर कच्चे टाके घातल्यासारखं दिसतंय.”

“तसंच आहे. विषाणूने पेशीला पेशी टाचलीय. आणि गंमत म्हणजे उबेत थोडा वेळ ठेवलं तर तो आपणच सुटतो. धरायचं हत्यारही त्याच्याकडे आणि सोडवायचंही.”

“म्हणजे सुई आणि कात्री एकाच खिशात,” ते म्हणाले. “चांगला कारागीर आहे की.”

तेव्हापासून सोमवारी त्यांच्या अंगावर इस्त्रीचा शर्ट असायचा.

यंदाच्या थंडीत त्यांना ताप आला. चार दिवस अंगदुखी, घसा, खोकला. फार काही नाही. दोन सोमवार चुकले. ताप जाऊन दोन आठवडे उलटले, तेव्हा तेच म्हणाले, “आता नियमात बसतंय ना? मग उद्या येतो.” त्या सोमवारी हवा इतकी गार होती की रस्त्यावर श्वासाची वाफ दिसत होती. ते कोटाच्या खिशात हात खुपसून चालले होते आणि नेहमीपेक्षा सावकाश. कोपऱ्यावर त्यांनी बुटाची नाडी बांधायच्या निमित्ताने दोनदा दम खाल्ला. तिच्या ते लक्षात आलं, पण आजारातून उठलेला माणूस, इतकंच तिच्या मनात आलं.

रक्त घेतलं, सलाईनमध्ये, म्हणजे मिठाच्या पाण्यात, पेशी धुतल्या, प्लेट लावली. दुपारी ती बघायला गेली तर सगळ्या प्लेटभर जाळंच जाळं. शेवटच्या रांगेतसुद्धा. ती रांग राखीव असते. तिच्यात विषाणू घालतच नाहीत, नुसत्या पेशी. तिथे बटणं दिसलीच पाहिजेत, एरवी बाकीच्या प्लेटवर विश्वास ठेवता येत नाही. आणि एकही बटण नव्हतं.

तिने आधी स्वतःलाच बोल लावला. कुठेतरी हात चुकला, विषाणूचा थेंब भलतीकडे गेला. मॅडम आल्या. उंच, कमी बोलणाऱ्या बाई. कपाळाला आठी घालून त्यांनी प्लेट उजेडाला धरली.

“सलाईन नवीन घेतलंत?”

“आता घेते.”

नवीन सलाईन, नवीन प्लेट, सगळं पहिल्यापासून. या खेपेला तिने जोडीला चार नंबरच्या पेशीही लावल्या. पाऊण तासाने चार नंबरची बटणं एका ओळीत, छापल्यासारखी. सात नंबरचं पुन्हा जाळं.

“म्हणजे दोष पेशींचा आहे,” मॅडम म्हणाल्या. “चाळीस नमुने खोळंबलेत. सात नंबर टाकून द्या, चारवर काम चालवा.” त्या दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या. सात नंबर कोण, ते त्यांना ठाऊक होतं. “टाकायच्या आधी ट्यूब एकदा नीट बघा,” असं म्हणून त्या गेल्या.

तिने फ्रीजमधून उरलेल्या रक्ताची ट्यूब काढली. तिरकी केली तर काचेला आतून ओली वाळू चिकटावी तसे लाल कण. गोठलं असणार, तिने मनाशी म्हटलं आणि ट्यूब मुठीत धरून ती कचऱ्याच्या पिवळ्या डब्याकडे निघाली. वाटेत सिस्टरने अडवलं. पुढच्या आठवड्यात कोणाकोणाला बोलवायचं, सुया संपत आल्यात, अशा चार गोष्टी बोलण्यात पाच-सात मिनिटं गेली. मग डब्यापाशी येऊन तिने मूठ उघडली.

रक्त एकसारखं झालं होतं. एक कण नाही. ट्यूब कलती केली की गुळगुळीत वाहत होतं.

ती तिथेच उभी राहिली. मग परत येऊन तिने ट्यूब बर्फाच्या पेल्यात ठेवली. दोन मिनिटांत वाळू परत आली. मुठीत धरली, विरघळली. पुन्हा बर्फ, पुन्हा मूठ. गोठलेलं रक्त असं करत नाही. वाचलेलं होतं तिने, परीक्षेपुरतं: एखाद्या विषाणूचा ताप येऊन गेल्यावर कधी कधी शरीर अशा अँटीबॉडी तयार करतं, ज्या गारव्यात आपल्याच तांबड्या पेशींना जाऊन चिकटतात. पेशी गोळा होतात, फुटतात. आणि गारवा म्हणजे काही बर्फच लागतो असं नाही. बोटांची टोकं, कानाच्या पाळ्या, नाकाचा शेंडा. थंडीच्या दिवसात तेवढं पुरतं.

आणि मग एकेक आठवायला लागलं. गेले आठ-दहा दिवस ते नळाचं पाणी टाळत होते. कपाचा कान न धरता कप ओंजळीत घेत होते. तिच्या पिशवीचा उसवलेला बंद त्यांनी हातात घेतला आणि “उजेड कमी आहे” म्हणून बाजूला ठेवला होता, भर दुपारी. त्यांचे डोळे पिवळट दिसतात, हे तिने पाहिलं होतं आणि बल्बवर ढकललं होतं. आपण दिवसभर परक्यांचं रक्त उजेडात धरून बघतो आणि घरातला माणूस धड बघितला नाही, याची तिला शरम वाटली.

मॅडमना तिने ट्यूब दाखवली. बर्फात, मग मुठीत. त्यांनी दोन्ही वेळा नीट पाहिलं.

“तुम्ही जा,” त्या म्हणाल्या. “प्लेटा मी लावते.” त्यांनी स्वतः प्लेट लावून दहा वर्षं तरी झाली असतील.

ती घरी पोचली तेव्हा सासरे स्वयंपाकघरात स्टूलावर बसले होते. समोर किटली आणि किटलीच्या दोन्ही बाजूंना हात. तिला अवेळी बघून ते चपापले आणि हात टेबलाखाली गेले.

“लवकर आलीस? बरं नाही का?”

“मी बरी आहे. तुमचे हात दाखवा बाबा.”

“हातांना काय झालंय?”

“तेच बघायचंय.”

त्यांनी हात पुढे केले नाहीत. तेव्हा ती त्यांच्या शेजारी खाली बसली आणि तिनेच ते टेबलाखालून ओढून घेतले. लग्नाला सात वर्षं झाली, पण तिने त्यांचे हात कधी हातात घेतले नव्हते. बोटांची टोकं निळी-जांभळी, शाईत बुडवल्यासारखी. उजव्या तर्जनीवर सुईच्या जुन्या घट्ट्याभोवतीसुद्धा तोच रंग.

“कधीपासून?”

“वय झालं की व्हायचंच.”

“बाबा.”

“आठेक दिवस.” ते खिडकीकडे बघत म्हणाले. “ऊब मिळाली की जातं. म्हणून म्हटलं, कशाला उगाच.”

“दम लागतो?”

“जिन्यात. थोडा.”

आता पुढचा प्रश्न तिला विचारणं भाग होतं. तिने तो सरळ विचारला. “लघवीचा रंग कसा आहे?”

सासऱ्यांच्या कानापर्यंत लाली चढायला हवी होती, पण चढायला रक्तच कुठे होतं. ते नुसतेच अवघडले. “हे काय विचारणं झालं, सूनबाई?”

“अहो, माझं कामच ते. दिवसभर मी लोकांचं काय काय तपासते. मला कसली लाज?”

“तुला नसेल. मला आहे ना.”

तिने त्यांचे हात सोडले नाहीत. शेवटी ते हळूच म्हणाले, “सकाळी काळपट असते. कोऱ्या चहासारखी.”

“आणि हे तुम्ही मला सांगितलं नाही.”

“सांगितलं असतं तर तू माझं नाव काढलं असतंस यादीतून,” ते म्हणाले. “दुकान गेलं, नजर गेली. आठवड्यातले सहा दिवस मी या घरात जागा अडवून असतो. सोमवारी मात्र मी कोणाच्या तरी उपयोगाचा असतो. शिवाय तो जहाजावर जाताना मला बजावून जातो, बाबा, तिच्याकडे लक्ष ठेवा. लक्ष ठेवणाऱ्यानेच आजारी पडून कसं चालेल?”

तिला हसू आलं आणि डोळेही भरले. “मला काय सांगून जातो ठाऊक आहे? बाबांकडे लक्ष ठेव.”

“लबाड आहे लेकाचा,” ते म्हणाले.

तिने त्यांना दोन स्वेटर चढवले, कानटोपी घातली, मोजे घातले, आणि टॅक्सीच्या काचा वर करायला लावून त्यांना इस्पितळात नेलं. तिथला तरुण डॉक्टर चांगला होता, फक्त घाईत होता. पहिला रिपोर्ट आला तो बघून त्याने डोकं खाजवलं. मशीनने तांबड्या पेशींचा आकडा काहीतरी भलताच दिला होता.

“नमुना वाटेत गार झाला असेल,” ती म्हणाली. “पेशी गोळा होतात, मग मशीन दहा-दहा पेशींना एक समजतं. गरम करून पुन्हा लावा.”

“तुम्ही नातेवाईक ना?”

“सून आहे. आणि याच कामात आहे.”

दुसरा नमुना तिने स्वतः नेला. थर्मासमध्ये कोमट पाणी, त्यात ट्यूब, आणि थर्मास छातीशी धरून दोन मजले खाली. या खेपेला आकडे नीट आले, आणि नीट आले म्हणून जास्तच वाईट दिसले. हिमोग्लोबिन सहाच्या जरा वर. म्हणजे अंगातलं अर्ध्याहून अधिक रक्त सरलेलं. तसल्या रक्तावर हा माणूस सकाळी वीस मिनिटं चालत आला होता, आणि वर दहा मिलिलिटर देऊन गेला होता.

त्यांना हीटर लावलेल्या खोलीत ठेवलं. पहिले तीन दिवस तिचा जीव टांगणीला लागला होता. आकडा आणखी खाली आला. चौथ्या दिवशी डॉक्टर म्हणाला, एक पिशवी रक्त द्यायलाच हवं. जुळणारं रक्त शोधताना रक्तपेढीच्या नाकीनऊ आले, कारण त्यांच्या रक्तातल्या अँटीबॉडी गारव्यात ज्याच्या त्याच्या पेशींना चिकटत होत्या. सगळं अंगाच्या उबेला ठेवून तपासलं तेव्हा कुठे पिशवी मिळाली. तीही सरळ दिली नाही. नळी एका गरम पेटीतून फिरवून, थेंब थेंब कोमट करून दिली.

सासरे पडल्या पडल्या त्या थेंबांकडे बघत होते. “कोणाचं आहे हे?”

“ते सांगत नाहीत. नंबर असतो फक्त.”

“हं.” नळीवरची नजर न हलवता ते मग म्हणाले, “चहा दिला असेल ना त्याला?”

“दिला असेल.”

“माझ्या आत नक्की काय चाललंय, ते मला नीट सांग. त्या डॉक्टर पोराने सांगितलं, पण तो माझ्याशी मोठ्याने बोलतो. मी बहिरा नाहीये.”

तिने खुर्ची जवळ ओढली. “ताप आला तेव्हा विषाणू अंगात शिरला. त्याला धरायला शरीराने अँटीबॉडी केल्या. त्यांनी त्याला धरला, म्हणून तुमचा ताप गेला. पण त्यांच्याबरोबर काही चुकीच्याही तयार झाल्या. त्या तुमच्याच पेशींना धरतात, आणि तेही गार झालं की. असं का होतं ते पूर्ण कोणालाच कळलेलं नाही. पण विषाणू गेला की हळूहळू त्याही कमी होतात. काही आठवडे लागतील.”

“तोपर्यंत?”

“तोपर्यंत गरम राहायचं.”

“एवढंच?”

“एवढंच. पण तेवढं करायचं. नळाखाली हात घालायचा नाही, खिडकीशी बसायचं नाही आणि माझ्यापासून काही लपवायचं नाही.”

“शेवटचं औषध कडू आहे,” ते म्हणाले, पण मान हलवली.

रविवारी नवऱ्याचा फोन आला. सासरे खुणेने ‘नको, नको’ करत होते. ती फोन घेऊन बाहेर बाकावर गेली आणि सगळं सांगितलं, प्लेटपासून पिशवीपर्यंत. पलीकडे इंजिनाचा आवाज येत होता. मग तो म्हणाला, “तू नसतीस तर...” तिने त्याला मधेच थांबवलं. “मी नव्हे,” ती म्हणाली, “मला तर प्लेटने सांगितलं. मी घरात असून मला दिसलं नव्हतं.” तिने खरं तेच सांगितलं, आणि सांगून टाकल्यावर तिला हलकं वाटलं.

आठव्या दिवशी आकडा थांबला. दहाव्या दिवशी किंचित वर सरकला. इस्पितळातल्या सिस्टरने पाहण्याआधी सासऱ्यांनीच सुनेला बोटं दाखवली. “बघ, गुलाबी.” पुरती गुलाबी नव्हती, पण तिने हो म्हटलं.

घरी आल्यावर सहा आठवडे त्या घरात नुसती ऊब सांभाळणं चाललं. हातमोजे, पायमोजे, गरम पाण्याची पिशवी. चपला हातात घेऊन बाहेर पडणं बंद झालं. उलट निघताना ती दारातून ओरडून विचारायची, “कानटोपी?” आणि आतून उत्तर यायचं, “डोक्यावरच आहे, फौजदार.” दर पंधरवड्याला ती त्यांचं थोडं रक्त बर्फात ठेवून बघायची. वाळू बारीक होत गेली, मग दिसेनाशी झाली. डॉक्टरने तपासण्या करून सांगितलं, आता काळजी नाही, पण रक्त मात्र यापुढे कधी द्यायचं नाही.

सासरे रिक्षात बसल्यावर म्हणाले, “वहीत मग सात नंबर कोणाला देणार?”

“कोणालाच नाही. एकाचा नंबर दुसऱ्याला देत नाहीत.”

“ते बरं आहे.”

पुढच्या सोमवारी ती आवरून बाहेर आली तर ते इस्त्रीचा शर्ट घालून दाराशी उभे. “फाटकापर्यंत येतो. चालायला सांगितलंय डॉक्टरने.” डॉक्टरने तसं काही सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, “चला.” सिस्टरने त्यांना फाटकावरून परत जाऊ दिलं नाही. नव्या रक्त देणाऱ्यांत एक कॉलेजातली मुलगी होती, सुई बघून पांढरी पडलेली. सासरे तिच्या शेजारी बाकावर बसले, आणि कोटाची बाही लावताना खांदा कसा मापायचा, हे तिला इतकं रंगवून सांगत राहिले की रक्त काढून झालं तरी ती उठेना. मॅडम दारातून जाताना थांबल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी सुनेला विचारलं, “तुमचे सासरे दर सोमवारी येऊ शकतील का?”

उन्हाळ्यात नवरा रजेवर आला. पहिल्याच सोमवारी तो म्हणाला, “मीही येतो तुमच्याबरोबर.” जहाजावर राहून त्याला सपाट रस्त्यावर चालायची सवय राहिली नव्हती. वडील आणि बायको पुढे, हा मागे. ते काहीतरी तावातावाने बोलत होते: परवाच्या प्लेटवर बटणं नीट का पडली नाहीत, चूक सलाईनची की हाताची.

“अगं, हळू,” तो मागून म्हणाला. “मला काही कळतच नाहीये तुमचं.”

ती थांबली. सासरेही थांबले. तो येऊन मिळाल्यावर सासऱ्यांनी त्याच्या दंडाला धरलं आणि म्हणाले, “सांगतो. ऐक. तांबड्या पेशी असतात ना, त्यांच्या अंगाला विषाणू चिकटतो, आपण कच्चा टाका घालतो ना, तसा.”

ती त्यांच्या दुसऱ्या बाजूने चालू लागली. मधे दोन ठिकाणी त्यांचं चुकलं, पण तिने दुरुस्त केलं नाही.